माझी पाठ कोरी राहिली

मित्रांनो, मी एक जुना खरेदीखताचा कागद आहे. माझी गोष्ट सांगताना माझी मान खाली जाते. ती आधीच घातलेली बरी, म्हणजे पुढचं सांगायला सोपं जाईल.

जमीन विकणारा माणूस घेणाऱ्याला जो कागद लिहून देतो, त्याला खरेदीखत म्हणतात. अकरा वर्षांपूर्वी एका वकिलाच्या टेबलावर माझा जन्म झाला. विकणारे होते एक निवृत्त शाळामास्तर. त्यांना सगळे गुरुजीच म्हणत. घेणारे होते एक घड्याळजी. एका जुन्या इमारतीच्या जिन्याखाली त्यांचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक टेबल, एक दिवा आणि दोन स्टुलं. उंच गिऱ्हाईक आलं की आधी जिन्याला डोकं आपटायचं आणि मग कपाळ चोळत घड्याळ पुढे करायचं. वीस वर्षं तिथे वाकून बसल्यावर घड्याळजींनी गुरुजींचा रस्त्याच्या वळणावरचा छोटा भूखंड घेतला. खाली दुकान आणि वर दोन खोल्या, एवढंच त्यांचं स्वप्न होतं.

दोघांनी माझ्यावर सह्या केल्या. गुरुजी लगेच उठले. म्हणाले, "चला, नोंदणी कचेरीत जाऊन येऊ. मी आजचा दिवस त्यासाठीच मोकळा ठेवलाय."

"घाई कशाला गुरुजी? तुमचा शब्द आहे ना," घड्याळजी म्हणाले. "आज दोन गिऱ्हाइकांना घड्याळं द्यायचीयत. पुढच्या आठवड्यात जाऊ की."

गुरुजींच्या शब्दाला खरंच धक्का लागला नाही. खोट होती ती माझ्यात, आणि ती त्याच दिवशी पडली.

घरी जाताना घड्याळजी झेरॉक्सच्या दुकानात शिरले. धूळ म्हणजे घड्याळाची वैरीण, हे त्यांचं आयुष्यभराचं शहाणपण. काचेखाली नाही ती वस्तू त्यांना उघडीनागडी वाटायची. "याला लॅमिनेशन करा. चांगलं जाड," त्यांनी सांगितलं. गरम रुळांमधून मी पलीकडे निघालो, तेव्हा माझ्या पोटापाठीला प्लास्टिक घट्ट चिकटलं होतं. मी चकचकीत झालो होतो. खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडलं.

घरात मला तळहाताच्या फोडासारखं जपलं जाऊ लागलं. लोखंडी कपाटात, मऊ कापडात माझी जागा. मेव्हणे आले की मला बाहेर काढायचे, शेजारी आले की मला बाहेर काढायचे. "आमची जमीन बघा," असं म्हणून घड्याळजींची बायको मला दोन्ही हातांत धरून दाखवायची. भूखंडाला मात्र ना कुंपण होतं ना पाटी. तिथे गवत वाढत होतं आणि इथे मी फुगत होतो.

सात आठवड्यांनी एकदाचे घड्याळजी आणि गुरुजी नोंदणी कचेरीत गेले. मित्रांनो, या कचेरीत एक मोठी नोंदवही असते. कोणती जमीन कोणाची, हे जगाला तिच्यावरून कळतं. कागद आपल्या कपाटात असतो, पण हक्काला बळ येतं ते त्या वहीत नोंद झाल्यावर. नोंद झाली की कागदाच्या पाठीवर शिक्के बसतात, क्रमांक पडतो, अधिकाऱ्याची सही होते. कारकूनबाईंनी मला हातात घेतलं, उलटं केलं आणि त्या पाहतच राहिल्या.

"हे काय केलंत काका? यावर शिक्का कुठे मारू मी?"

"प्लास्टिकवर नाही का मारता येणार?"

"पुसला जाईल ना तो. आणि मला सही कागदावर तपासायची असते. हे काढून आणा, नाहीतर नवीन खत करून आणा. मुदत चार महिन्यांची असते, विसरू नका."

घरी आल्यावर घड्याळजींनी आपल्या बारीक चिमट्याने माझा एक कोपरा सोलून पाहिला. प्लास्टिकबरोबर माझी कातडीही निघाली आणि गुरुजींच्या सहीचं शेपूट उचललं गेलं. "अहो, थांबा! फाटेल तो," बायको ओरडली. कोपरा पुन्हा दाबून बसवला गेला. "नवीनच करू," घड्याळजी म्हणाले. गुरुजींची तयारी होतीच. त्यांनी दोनदा निरोपही पाठवला.

पण आज करू, उद्या करू, असं चालत राहिलं. लग्नसराईत घड्याळांचा ढीग पडला. मग बायकोचा पाय मोडला. मग गुरुजी परगावी मुलाकडे राहायला गेले. चार महिने उलटले, वर्ष उलटलं. घड्याळजींची मुलगी शाळेत होती तेव्हापासून विचारायची, "बाबा, कचेरीचं झालं का?" ते म्हणायचे, "होईल गं. कागद आहे ना आपल्याकडे." आणि कपाटाकडे बोट दाखवायचे.

ते बोट माझ्याकडे असायचं. मला तोंड नाही, मी ओरडू शकत नव्हतो, ही सबब खरी आहे. पण खरी लाज दुसरीच आहे. मला ओरडावंसं वाटतही नव्हतं. माझी पाठ कोरी आहे हे मला ठाऊक होतं, तरी मेव्हण्यांचं "वा, वा!" ऐकायला मी दर वेळी आनंदाने बाहेर येत होतो.

सहाव्या वर्षी गुरुजी वारले. त्यांच्या मुलाला या व्यवहाराचा पत्ता नव्हता. त्याने नोंदवही पाहिली, तर भूखंड वडिलांच्याच नावावर. त्याच्या मनात पाप नव्हतं. वारस म्हणून त्याने आपलं नाव लावून घेतलं आणि काही वर्षांनी तो भूखंड एका बेकरीवाल्या बाईंना विकला. बाईंनी विकत घेण्याआधी वहीची तीस वर्षांची पानं शोधून घेतली. तिथे घड्याळजींचं नाव कुठेच नव्हतं. असणार कसं?

मग जिन्याची इमारत पाडायची ठरली. तोवर मुलगीही बापाशेजारी दुसऱ्या स्टुलावर बसून घड्याळं उघडू लागली होती. दोघं मला आणि मोजपट्टी घेऊन भूखंडावर गेली. तिथे पाया खणून झाला होता आणि बेकरीवाल्या बाई गवंड्याशी बोलत होत्या.

घड्याळजींनी मला पुढे केलं. "ही जमीन आमची आहे बाई. हा बघा कागद."

बाईंनी मला वरपासून खालपर्यंत वाचलं. मग पिशवीतून आपला कागद काढला. चार घड्या पडलेला, कडेला चहाचा डाग, कोपरा दुमडलेला. त्यांनी तो उलटा केला. त्याची पाठ शिक्क्यांनी भरलेली होती.

"काका, वाईट वाटून घेऊ नका," त्या हळूच म्हणाल्या. "पण तुमच्या कागदाची पाठ कोरी आहे हो."

त्या वेळी फाटून जावंसं वाटलं. प्लास्टिकमुळे तेही जमेना. दोन वकिलांना विचारून झालं. दोघांनी एकच सांगितलं, की भांडता येईल, पण जमीन हाती लागणार नाही. त्या दिवशी घड्याळजी मुलीच्या तोंडाकडे बघू शकले नाहीत. "तू विचारत होतीस," एवढंच म्हणाले आणि त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. मुलीने त्यांच्या हातातून चष्मा घेतला आणि स्वतः पुसून दिला.

वर्षभराने बेकरी उभी राहिली. एक दिवस बाई स्वतः आल्या. पुढच्या कोपऱ्यात टेबलापुरती जागा आहे, भाड्याने घ्या, म्हणाल्या. घड्याळजींचा चेहरा पडला. "जी जागा आपली म्हणून बघितली, तिथे भाडेकरू म्हणून बसू?"

"बसू या बाबा," मुलगी म्हणाली. "पण आधी करार नोंदवायचा. टेबल मग हलवायचं."

नोंद झाली त्याच दुपारी तो करार कचेरीतून घरी आला. शाई ओली होती, एक शिक्का थोडा फिसकटला होता. त्याला कोणी कापडात गुंडाळलं नाही. पण मुलगी त्याचा क्रमांक तीनदा वाचून हसली. माझ्याकडे बघून असं कधी कोणी हसलं नव्हतं.

आता मी त्या बेकरीच्या कोपऱ्यात, घड्याळजींच्या टेबलावर असतो. मुलीनेच मला पालथं पसरलं. पांढऱ्या कोऱ्या पाठीवर बारीक स्क्रू चटकन दिसतात आणि प्लास्टिकवर तेल सांडलं तर पुसता येतं. इतक्या वर्षांत माझा हा पहिला खरा उपयोग.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला जपा. मी कोणत्या तोंडाने म्हणू? मला जपलं, तिथेच घात झाला. तुमच्या घरात एखादा कागद कपाटात मानाने बसला असेल, तर त्याला बाहेर काढा आणि उलटा करून बघा. पाठ कोरी दिसली तर त्याच दिवशी मोठ्यांचा हात धरून कचेरीत न्या. चुरगळला तरी चालेल, चहा सांडला तरी चालेल.

घड्याळजींची सवय मात्र गेलेली नाही. रोज सकाळी दुकान उघडलं की काम मांडण्याआधी ते मऊ कापडाने मला पुसतात. पाठ आधीच स्वच्छ असते. तरी ते पुसत राहतात, आणि मी निमूटपणे पुसून घेतो.