पूनमची पहिली तीन वर्षं

पूनमची पहिली तीन वर्षं नागम्माकडं गेली, हे तिला आई सांगायची म्हणून ठाऊक होतं. ती जन्मली आणि आईला टीबी निघाला. तेव्हा विडीच्या कारखान्यात आईशेजारी बसणारी नागम्मा बाळाला घेऊन अक्कलकोटजवळच्या आपल्या गावी गेली. आई बरी झाली, पूनम सोलापूरला परतली, आणि नागम्मा आपल्या मुलाला घेऊन कलबुर्गीला भावाकडं गेली ती चोवीस वर्षं तिकडंच राहिली. यंदा ती गावी परत आली आणि आईला तिचा फोन आला, "माझ्या कूसूला एकदा दाखीव की."

कूसू म्हणजे कानडीत बाळ. हे बाळ आता सत्तावीस वर्षांचं होतं आणि ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवत होतं.

आईला प्रवास झेपत नाही म्हणून पूनम एका रविवारी एकटीच गेली. दारातल्या म्हातारीनं तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला, डोळे पुसले, कानडीत बरंच काही बोलली. पूनमला त्यातलं अक्षरही कळलं नाही. बाई अगदीच अनोळखी वाटत होती, आणि त्याचीच तिला लाज वाटत होती.

"माझ्या पोटावरच झोपायचीस," नागम्मा तिचा हात हातात घेऊन सांगत होती. "न्यायला आले तवा माझा पदर सोडंना झालीस. आठवतंय न्हवं?"

खरं सांगता आलं असतं. पूनम दरवर्षी मुलांना शिकवायची, की जन्मानंतरही मेंदूत, आठवणी साठवणाऱ्या भागात, नव्या पेशी तयार होत असतात आणि लहानपणी तर फार झपाट्यानं. या नव्या पेशी जुन्या जोडण्यांत घुसतात, म्हणून अगदी सुरुवातीचं काही नंतर हाती लागत नाही, असं काहींचं म्हणणं आहे. उंदरांत तसं दिसलंय, माणसाचं अजून नक्की नाही. वर्गात हे सांगताना तिला कधी अडखळायला झालं नव्हतं.

"थोडं थोडं आठवतं, मावशी," ती म्हणाली. "दारात एक पांढरी शेळी होती ना?"

नागम्मा बघतच राहिली. "शेळी? आपल्याकडं न्हवती."

"कधीच न्हवती," आतून तिचा मुलगा सिद्धू म्हणाला. पूनम सोलापूरला परतली तेव्हा तो बारा वर्षांचा होता.

"मग शेजारची असेल," पूनमनं घाईनं विषय बदलला.

नागम्मा तिला एसटीला सोडायला आली. गाडी सुटताना तिनं खिडकीशी येऊन विचारलं, "कान फाटका होता का तिचा?"

आठ दिवसांनी फोन आला. "कूसू, शेळी होती बघ. चांदी म्हणायचो तिला. तिचंच दूध पाजलं तुला." मग सिद्धूनं फोन घेतला. "अव्वा गल्लीत सगळ्यांना सांगत सुटलीया. तू काय घातलंस तिच्या डोस्क्यात?"

काहीतरी बोलून पूनमनं फोन ठेवला. आता डोळे मिटले की तिलाही ती शेळी दिसायची, खुंट्याला बांधलेली, एक कान फाटलेला. आपण ती बनवली, की ती खरंच कुठंतरी उरली होती? तिनं आईला विचारलं. आई म्हणाली, "मी तेव्हा दवाखान्यात. मला काय ठाऊक?"

पुढच्या रविवारी ती परत गेली आणि पायरीवर बसूनच सांगून टाकलं. "मावशी, मी खोटं बोलले. मला काहीच आठवत नाही. तुम्हीसुद्धा नाही. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून शेळीचं बोलून गेले." आणि मग तिनं नव्या पेशींचं सगळं सोपं करून सांगितलं.

नागम्मानं नीट ऐकलं. "म्हंजे नवं उगवलं आन् मी खाली गेले?"

"तसंच काहीतरी. नक्की कुणालाच माहीत नाही."

"आन् माझ्या डोस्क्यात? या वयात बी उगवतं?"

"काही शास्त्रज्ञ हो म्हणतात, काही नाही म्हणतात."

नागम्मा हातातलं सूप हलवत राहिली. ज्वारीतले खडे वेचायचं तिच्या ध्यानात नव्हतं. "मग चांदी कुठनं आली?" ती म्हणाली. "तिला विहिरीवर धुतलेलं आठवतंय मला. हात गार पडले होते."

पूनम सुपातले खडे वेचू लागली.

"चल, भाकरी खा," शेवटी नागम्मा उठली. "आजचं तरी ध्यानात ऱ्हाईल का तुझ्या?"

"राहील, मावशी."

आता पूनम दर पंधरा दिवसांनी जाते. नागम्मा एखाद्या खेपेला शेळी होती म्हणते, एखाद्या खेपेला नव्हतीच म्हणते, आणि सिद्धूनं वाद घालणं सोडलंय. ती 'होती' म्हणते तेव्हा पूनमलाही होती असंच वाटतं.