खोल्यांचा बघण्याचा कार्यक्रम

वसतिगृहातल्या खोल्या मुलींना बघायला सकाळीच खाली उतरल्या. जिना अरुंद, त्यामुळे त्यांना अंग चोरून उतरावं लागत होतं. एकीचा पंखा कठड्यात अडकला, तो सोडवायला मावशींना वर जावं लागलं. खाली हॉलमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. खोल्या त्यांच्यावर दारं मिटून, खिडक्या समोर करून बसल्या, चार चांगल्या घरची मंडळी बसतात तशा. समोर सतरंजीवर मुली आणि त्यांच्या आया.

उर्मिलाला यात नवल वाटलं नाही. बघायला यायचे ते येणारच. आधी कळलं असतं तर केतकीची वेणी जरा घट्ट घालून आणली असती, एवढंच तिच्या मनात आलं. एसटीच्या वाऱ्यानं पोरीच्या कपाळावर बटा आल्या होत्या. उर्मिलानं बोटं तोंडात ओली केली आणि त्या मागे सारल्या.

"आई, थुंकी नको ना."

"गप बस. बघतायत."

केतकीला साताऱ्यातल्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता. खटावकडच्या त्यांच्या गावाहून रोज जाऊन-येऊन करणं जमणारं नव्हतं. खोली मिळाली तर कॉलेज, नाही मिळाली तर रविवार. रविवारी फलटणची मंडळी केतकीला बघायला यायची होती. राजारामनं, तिच्या बापानं, दोन्ही गोष्टी एकाच फोनवर ठरवल्या होत्या. एक नाही तर दुसरं, दोन्हीकडून सोय असलेली बरी, असं त्याचं म्हणणं. पाचची एसटी शेवटची. तोवर काय ते कळायला हवं होतं.

मध्यस्थी जिन्याकडे होती. त्याचं वर-खाली दोन्हीकडे जाणं-येणं असल्यामुळे ते त्यालाच शोभत होतं. रेक्टरबाई बाजूला उभ्या राहून पोह्यांच्या बशा मोजून देत होत्या. मुलीनं ट्रे घेऊन जायचं, खोल्यांसमोर धरायचा, मग समोरच्या स्टुलावर बसायचं.

केतकीनं ट्रे धरला तो एका हातानं. उर्मिलानं डोळे वटारले. केतकीनं दुसरा हात लावला, पण उशिरा.

"नाव?" पहिली खोली म्हणाली.

"केतकी राजाराम शेडगे."

"उंची?"

"पाच फूट पाच."

"आमच्याकडे पाच-तीनपर्यंत चालते," खोली जिन्याला म्हणाली. "कळवतो."

कळवतो म्हणजे काय, ते हॉलमधल्या सगळ्या आयांना ठाऊक होतं. एकीनं उर्मिलाकडे बघून हळहळल्यासारखं केलं आणि आपल्या मुलीची ओढणी सारखी केली.

दुसऱ्या खोलीनं विचारलं, "झोपेत बोलतेस का?"

"बोलते म्हणतात."

"काय बोलतेस?"

"ते मला कसं कळणार? मी झोपलेली असते."

दोन-तीन आया हसल्या. खोली हसली नाही. "कळवतो."

तिसरीच्या दाराची एक फळी निसटलेली होती. ती म्हणाली, "चालून दाखव."

केतकी हॉलच्या त्या टोकापर्यंत गेली, परत आली, आणि स्टुलावर बसता बसता म्हणाली, "तुम्ही उतरत होतात तेव्हा मी बघितलं. तुम्ही लंगडता."

"अगं ए!" रेक्टरबाई म्हणाल्या. "खोल्यांशी असं बोलतात का? ही कुणाची मुलगी?"

"माझी," उर्मिला म्हणाली. तिला लाज वाटायला हवी होती. लाज येईल म्हणून ती थोडा वेळ थांबलीही.

बाकीच्या मुलींचं जमत होतं. पसंत पडली की खोली मुलीच्या ओटीत नारळ घालायची, दार उघडायची, मुलगी आपली पेटी, गादी, बादली घेऊन आत जायची, दार लागायचं, आणि खोली जिना चढून वर जायची. आई बाहेर राहायची. एका वेळी एक खोली वर गेली की हॉल तेवढा लहान व्हायचा. सगळ्यांना हे माहीत असावं, कारण कुणी काही बोलत नव्हतं, नुसतं जरा जरा सरकून बसत होतं. दुपारपर्यंत सतरंजीला चार घड्या पडल्या. मग सहा. केतकीची पेटी उर्मिलाच्या गुडघ्याला लागली, मग पोटाला.

फोन वाजला.

"मिळाली का खोली?" राजाराम.

"बघतायत."

"लवकर आटपा. इथं भाकरीचं काय करायचं, कुणाला काय कळंना. चुलीपाशी गेलं की पीठ सापडत नाही."

"डब्यात आहे."

"डबा कुठाय?"

उर्मिलानं सांगितलं. एकोणीस वर्षांत डबा हलला नव्हता.

लग्नाआधी उर्मिलाला बघायला सासरचं स्वयंपाकघरच आलं होतं. बाकीचं घर तेव्हा ज्वारीच्या काढणीत होतं, त्याला सवड नव्हती. स्वयंपाकघर एकटंच आलं, बापाच्या ओसरीवर टेकलं, चहा प्यालं, भाकरी थापता येते का म्हणून विचारलं. उर्मिला तेव्हा सतरा संपून अठराव्यात होती. चालेल, असं ती म्हणाली. आणखी काही म्हणता येतं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. स्वयंपाकघराचं आढं फार खाली होतं. केतकी तिथेच झोळीत वाढली. पोरीला मांडीवर घेऊन उर्मिला एका हातानं भाकरी भाजायची, आणि धूर तिच्या डोळ्यांत जाऊ नये म्हणून स्वतः धुराकडे तोंड करून बसायची. पुढे केतकी पिठाच्या डब्यावर वही ठेवून गणितं सोडवायला लागली. तेव्हा उर्मिला कंदील तिच्या बाजूला सरकवायची आणि भाकरी अंदाजानं उलटायची. बोटं भाजायची. गणितं बरोबर यायची.

हॉल आता मोरीएवढा राहिला होता. त्यात उर्मिला, केतकी, पेटी, रेक्टरबाई आणि एक रिकामी खुर्ची. तेव्हा जिन्यावरून शेवटची खोली उतरली. तिसऱ्या मजल्यावरच्या कोपऱ्यातली. तिला खिडकी नव्हती, म्हणून ती भिंत समोर करून बसली.

तिनं काही विचारलं नाही. पोहे खाल्ले. मग जिन्याला म्हणाली, "आम्हाला मुलगी पसंत आहे."

उर्मिलानं पेटीच्या कडीला हात घातला.

"फक्त दोन गोष्टी," जिना म्हणाला. "एक म्हणजे, यांच्यात खिडकी नसते. ती मुलीकडच्यांनी आणायची."

"आणि?"

"उंची दोन इंच कमी करून पाठवायची."

केतकी आईकडे बघायला लागली. उर्मिलानं जिन्याकडे बघितलं. "अशी कशी कमी करायची?"

"असं काय विचारता?" जिना म्हणाला. त्याच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. "तुम्ही नाही का केली? लग्नात तुम्हीही पाच-पाचच होतात."

हॉलमध्ये शांतता झाली. तेवढ्या जागेत ती फारच दाटीनं बसली.

"होय म्हणून टाका हो," रेक्टरबाई हलकेच म्हणाल्या. "दुसरी खोली नाही. आणि पाचला गाडी आहे तुमची."

उर्मिलाच्या जिभेवर चालेल आलंच होतं. ते तिथे कायमचंच असायचं, सुपारीसारखं, गालात एका बाजूला. केतकीचा हात तिच्या हातात होता. पेनानं बोटाला पडलेला घट्टा तिला लागला. तिनं चालेल गिळून टाकलं. खाली जाताना ते खरखरलं.

"आमच्यात रीत आहे," ती म्हणाली.

"कसली?"

"मुलगी दाखवून झाली की आम्ही घर बघायला येतो. घर बघितल्याशिवाय कुणी होय म्हणतं का?"

रीत खरी होती, जगात सगळीकडे होती, पण इथे आजवर ती कुणी काढलीच नव्हती. खोलीनं बशी खाली ठेवली. "बघायला?" ती म्हणाली. "म्हणजे आतून?"

"आतून, बाहेरून, मोरीसकट," उर्मिला म्हणाली. "ऊठ गं केतकी."

खोली घाईघाईनं वर पळाली. आवरायचं असणार. जिना रुसला होता, त्यामुळे तो लांबत होता. प्रत्येक वळणानंतर आणखी एक वळण काढत होता. उर्मिलानं साडी खोचली, पेटीची एक कडी स्वतः धरली, दुसरी केतकीनं. वाटेत दोघी बाकीच्या खोल्यांवरून गेल्या. दारांच्या फटींतून सकाळच्या मुली दिसत होत्या. एक भिंतीला पाठ लावून सरळ उभी होती. "बस की खाली," केतकी म्हणाली. "कोपर लागतं," मुलगी आतून म्हणाली, "त्यांना आवडत नाही." दुसरी पाय पोटाशी घेऊन बसली होती आणि त्या पायांना सारखं म्हणत होती की खोली छान आहे, खोली खूप छान आहे.

कोपऱ्यातली खोली दारात उभी होती. तिनं ओल आलेल्या जागेवर कॅलेंडर लावलं होतं. केतकीनं ते उचलून बघितलं.

"ही ओल कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"पाणी?"

"येतं."

"येतं म्हणजे किती वाजता येतं?"

खोलीला घाम फुटला. तो भिंतीवरून ओघळला. केतकीनं पंखा लावला, बंद केला, परत लावला. हात डोक्यावर नेऊन उभी राहिली. बोटं छताला लागली.

"आम्ही आधी नाही दाखवलं कुणाला," खोली म्हणाली. "आम्हाला विचारत नाहीत."

केतकी दारात आली. क्षणभर आईकडे बघितलं. या खोलीला आता नाही म्हटलं तर रविवारच उरतो, हे दोघींनाही कळत होतं. फलटणच्या मंडळींसाठी लागणारे पोहे गावात आणूनसुद्धा ठेवले होते.

"कळवतो," केतकी म्हणाली.

खोलीच्या दिव्यानं एकदा डोळा मिटला. तिला आजवर कुणी हे म्हटलं नव्हतं.

उतरताना जिना एकदम आखूड झाला. दोघी दोन पावलांत वसतिगृहापुढच्या मैदानावर आल्या. आत हॉल राहिलाच नव्हता. जिथे होता तिथे एक सतरंजीची घडी पडली होती आणि रेक्टरबाई तिच्यावर एका पायावर उभ्या होत्या. उर्मिलानं पाण्याच्या टाकीखाली पेटी ठेवली आणि दोघी तिच्यावर बसल्या. उर्मिलानं डबा उघडला. शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी.

"रागावलीस?" केतकी म्हणाली.

"खा."

"आई, आता काय करायचं?"

"आता त्यांनी करायचं," उर्मिला म्हणाली, आणि पोरीच्या कपाळावरची बट मागे सारली. या वेळी कोरड्या बोटांनी.

पाचची एसटी फाटकाशी आली. थांबली. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. उर्मिला भाकरी चावत राहिली. गाडी आणखी थोडी थांबली आणि गेली. तिच्या धुळीत फोन वाजला.

"अगं, स्वयंपाकघर जागेवर नाही," राजाराम म्हणाला.

"कुठं गेलं?"

"मला काय माहीत? तू नाहीस म्हटल्यावर सकाळपासनं अस्वस्थ होतं. आता तिथं नुसती जमीन आहे. मी जमिनीवर उभा आहे. तुम्ही बसलात का गाडीत?"

"नाही," उर्मिला म्हणाली, आणि फोन डब्याच्या झाकणाखाली ठेवला.

तिसऱ्या मजल्यावरून ठोकल्याचा आवाज यायला लागला. विटा पडत होत्या. थोड्या वेळानं कोपऱ्यातली खोली मैदानात आली. अंगावर चुन्याची धूळ, हातात ट्रे, आणि भिंतीत तिनं स्वतःच पाडलेलं एक वेडंवाकडं भोक. त्यातून पलीकडचा अजिंक्यतारा दिसत होता. छतही तिनं श्वास रोखून वर घेतलं होतं.

"खिडकी दक्षिणेला आहे," ती म्हणाली. "पण वारा येतो."

केतकी उठली नाही. तिनं पोहे चाखले. "मीठ कमी आहे. बसा. पाण्याचं काय?"

मागून दुसरी खोली उतरली, मग तिसरी, लंगडत. त्यांच्या आतल्या मुली दारातून बाहेर आल्या, कोपरं झटकली, आणि पेटीमागे उभ्या राहिल्या, त्यांनाही विचारायचं होतं म्हणून. खोल्यांची रांग लागली. प्रत्येकीच्या हातात ट्रे, प्रत्येकीची खिडकी खाली झुकलेली.

तेव्हा फाटक करकरलं. उर्मिलानं मान वळवण्याआधीच तिला धुराचा वास आला.

एवढं सगळं चालून आल्यामुळे स्वयंपाकघराला धाप लागली होती. आढं वाकलेलं, चूल पेटलेली, पिठाचा डबा काखेत. रांगेतल्या खोल्या बाजूला झाल्या. ते उर्मिलापुढे येऊन थांबलं आणि त्यानं कपबशी पुढे केली. बशीत चहा सांडला होता.

"घरी चल," असं ते म्हणालं नाही. त्यानं फक्त तिच्याकडे बघितलं, एकोणीस वर्षांपूर्वी बघितलं होतं तसं.

उर्मिलानं कप घेतला नाही. ती पेटीवरून उठली. पाठ ताठ केली, आणि मणक्यातून कटकन आवाज आला. केतकीनं वर बघितलं, आणि तिला आणखी थोडं वर बघावं लागलं.

"चालून दाखव," उर्मिला म्हणाली.

स्वयंपाकघरानं चूल दोन्ही हातांनी सांभाळली आणि पहिलं पाऊल उचललं.