पेन्सिलीची टिचकी

चिमट्याच्या टोकाला धरलेली ती तांबूस टिकली – दोन पायांची, मसुरीएवढी – खिडकीच्या उजेडात फिरवताना त्याला तिचा रागच आला. सिरॅमिकचा कपॅसिटर. भिंतीला कान असतात हे सगळे जाणतात, पण या टिकलीलाही असतात हे कितीजणांना ठाऊक असेल? टेबलाला धक्का लागू दे, कुणी पाय आपटत जाऊ दे, ती शहारते, आणि तो शहारा गाण्यात मिसळून देते... म्हणून गाण्याच्या वाटेवर हिला उभं करायचं नाही. तिथे फिल्मचे कपॅसिटर, पिवळे, चौकोनी. जागा जास्त खातात, पण चहाड्या करत नाहीत.

जुन्या रेकॉर्ड प्लेअरसाठी, रेकॉर्डचा क्षीण आवाज वाढवून स्पीकरकडे पाठवणारा प्रीॲम्प्लिफायर तो घरीच बनवत होता. सकाळपासून एकेक टिकली उपटून त्याने फिल्मचे बसवले होते; एकच उरली होती, कोपऱ्यातली. तिथे फिल्मचा मावेना. म्हणून त्याने स्पीकरचा आवाज पुरता वाढवला आणि पेन्सिलीने तिला टिचकी मारली. वाजली तर काढू... नाही वाजली. स्पीकर गप्प. राहू दे बिचारीला, तो उदारपणे म्हणाला.

दुरुस्तीच्या कारखान्यात त्याला कानसेन म्हणत. तपासणीची यंत्रं हात टेकायची तेव्हा हाक यायची – कानसेनाला बोलवा रे! – आणि तो यायचा, मान तिरकी करून ऐकायचा, अमुक कपॅसिटर गळतोय म्हणायचा, आणि नेमका तोच बिघडलेला निघायचा. नोकरी संपली, नाव राहिलं. त्या नावाचा त्याला अजून गर्व होता, आणि तो लपवण्याची त्याला गरजही वाटत नसे.

"अहो, हे किणकिणतंय काय?" बायको धुतलेले कपडे घेऊन दारातून चालली होती.

"कुठे?"

"तुम्ही ठोकताय ना, त्याच्या मागोमाग. बारीक आवाज येतोय."

त्याने पुन्हा टिचकी मारली. पेन्सिलीचा ठक् ऐकू आला. पुढे काही नाही.

"हे बघा, आत्ता!"

"हो, हो... तेच बघत होतो," तो म्हणाला. ती निघून गेली.

मी तेच बघत होतो? तो टिकलीकडे पाहत राहिला. मागे शेजाऱ्याने आपण दुरुस्त करून दिलेला रेडिओ परत आणला होता – शिट्टीसारखं येतंय हो – आणि आपण त्याला हसून वाटेला लावलं होतं, घरातलं काहीतरी वाजत असेल म्हणून. बहिणीच्या रेडिओचा आवाज किती स्वच्छ झाला म्हणून आपणच आपली पाठ थोपटली होती... ती स्वच्छता कुठे होती? रेडिओत की माझ्या डोक्यात? म्हणजे किती दिवस असं – आणि बायकोला? तिला कळलं असेल?

हात मात्र कामाला लागले. टिकली निघाली. फिल्मचा कपॅसिटर उभा मावत नव्हता, तर पाय वाकवून त्याने तो आडवा निजवला. सोल्डरचा डाग थंड झाल्यावर बटण दाबलं, टिचकी मारली. स्पीकर गप्प. पण गप्प तर तो मघाशीही होता. दोन्ही शांतता त्याला सारख्याच होत्या, आणि त्यांतली खरी कोणती हे सांगणारं या खोलीत कुणी नव्हतं.

आवाज मोजायचा मीटर कपाटात होता. तो उठला, कपाटापर्यंत गेला, आणि दाराकडे वळला.

"अगं, जरा येतेस?"

ती ओले हात पुसत आली. त्याने टिचकी मारली.

"आता?"

"परत मारा." तिने डोळे मिटले. "गेली ती किणकिण."

"नक्की?"

"गेली म्हणते ना! मला काय कळतंय त्यातलं, पण आता नुसती पेन्सिल वाजते." ती थांबली. "मघाशी तुम्हाला ती–"

"नाही आली ऐकू," तो म्हणाला.

बोलून गेल्यावर त्याला वाटलं, आता काहीतरी कोसळेल. काही कोसळलं नाही. तिने स्टूल ओढलं आणि त्याच्याशेजारी बसली. "मारा," ती म्हणाली. "बाकीचे राहिलेत ना तपासायचे?"

त्याने पेन्सिल उचलली. या वेळी मान नेहमीसारखी स्पीकरकडे तिरकी झाली नाही. टिचकी मारून तो तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला.