घरी खिळा लागला

या मंडळी, जरा सरकून जवळ बसा. मागच्यांनीही पुढं यावं, कारण ही गोष्ट मोठ्या आवाजात सांगवत नाही. जपानातल्या मिकावाच्या किनाऱ्यावरच्या एका ओतशाळेत घडलेली आहे. एका हाताची गोष्ट, आणि त्या हातासाठी धावलेल्या माणसाची. हसू आलं तर हसा, ती माणसंही हसायचीच.

त्या माणसाचं नाव तामेजी इसोगाई. वय पंचावन्नच्या पुढचं, पाठ थोडी वाकलेली. ओतशाळेत तो हानचो होता, म्हणजे टोळीचा मुकादम. शेड पत्र्याची, आत वितळलेलं ॲल्युमिनियम, तेलाचा धूर, आणि साच्यावर फवारलेल्या औषधाचा पांढरा ढग. नाक शिंकरलं तर रुमाल काळा. घाण, धोका आणि कष्ट, अशी तिहेरी नावं ठेवून गावातली पोरं या कामातून केव्हाच पळाली होती. मग ब्राझीलला गेलेल्या जुन्या लोकांची नातवंडं बोलावून आणली.

आदेमिर कानाशिरो त्यातलाच. आजी ओकिनावाची, जपानी तिच्याच तोंडून शिकलेला. त्यामुळं हा सव्वीस वर्षांचा धिप्पाड गडी बोलायला लागला की सत्तरीतली म्हातारी बोलतेय असं वाटायचं.

"काय गं आजीबाई, आज गुडघे दुखतायत का?" कानशीनं कडा घासणारी मित्सुए त्याला रोज छेडायची.

"दुखायचे नाहीत तर काय गं बाई! तुझी कानस कुरकुरते ना, ती थेट माझ्या हाडात शिरते."

अख्खी शेड खिदळायची. तामेजीही हसायचा, पण तोंड फिरवून. मुकादमानं हसलेलं दिसू नये.

ओतशाळेला गोदाम नव्हतं. मोटारीच्या मोठ्या कंपनीला लागेल तेव्हाच आणि लागेल तेवढाच माल काढायचा, निघाला की ट्रकच्या पोटात घालायचा. शिल्लक ठेवणं म्हणजे पाप. शिलकीतली माणसंही तशीच. दोघांच्या कामातला एक कमी करून त्याचं काम दुसऱ्याच्या अंगावर टाकायचं, याला तिथं सुधारणा म्हणत. आदेमिरच्या मशीनवर पूर्वी दोघं असत. डोक्यावर पिवळी दोरी लोंबायची. काही बिघडलं तर कुणीही ओढावी आणि काम थांबवावं, असं भिंतीवर सुंदर अक्षरात लिहिलं होतं. ओढली कुणी नव्हती. ओढली तर ट्रक अर्धा जाणार, ट्रक अर्धा गेला तर मोठ्या कंपनीची मोटारी जोडायची रांग खोळंबणार, आणि मग शाचो, म्हणजे मालक कुरोयानागी, तिकडं जाऊन माफीसाठी कमरेत वाकून उभा राहणार.

त्या गुरुवारी सकाळी आदेमिरनं हाक मारली, "हानचो, नळी थुंकतेय बघा."

मशीनला तेल पुरवणाऱ्या जाड नळीतून बारीक धुकं उडत होतं. तामेजीनं आधी घड्याळाकडं पाहिलं, मग दाराला पाठ लावत असलेल्या ट्रककडं. नळीकडं त्यानं पाहिलंच नाही.

"चिंधी गुंडाळ. शनिवारी बदलू."

आदेमिरनं चिंधी गुंडाळली. मशीननं दाब घेतला आणि तो "आई गं" म्हणून हात झटकत मागं सरला. तळव्यावर, पहिल्या बोटाच्या बुडाशी, सुईच्या टोकाएवढा ठिपका. रक्तसुद्धा नाही.

"डास चावला वाटतं आजीबाईंना," मित्सुए म्हणाली आणि पट्टी चिकटवली.

ट्रक भरून गेला. दुपारपर्यंत हाताची मूठ वळेना. कामाची सुटी व्हायच्या आत तळवा फुगून हातमोजा कापून काढावा लागला.

शाचो कुरोयानागी काही राक्षस नव्हता. बापानं उभी केलेली ओतशाळा, माणूस कमी पडला तर स्वतः माल उचलायची गाडी चालवायचा. पण वर्ष संपत आलं होतं, मोठी कंपनी कुठले छोटे कारखाने गाळायचे ते ठरवत होती, आणि दारातल्या पाटीवर अपघाताविना गेलेल्या दिवसांचा मोठा आकडा होता. कंपनीचे साहेब आले की सगळ्यात आधी त्या पाटीपुढं उभे राहत. शाचोनं आदेमिरचा हात बघितला, आणि तामेजीला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाला, "इसोगाई-सान, हे घरी झालंय."

"घरी, शाचो?"

"घरी. नाहीतर आपण सगळेच घरी."

दवाखान्याच्या वाटेवर गाडीत तामेजीनं आदेमिरकडून वाक्य पाठ करून घेतलं. "मी घरी कपाट जोडत होतो, खिळा लागला."

"मी घरी कपाट जोडत होते, मेल्या खिळ्यानं घात केला."

"‘मेल्या’ नको. आणि ‘होते’ नाही रे, ‘होतो’. पुन्हा म्हण."

"हानचो, आमच्याकडं कपाटच नाही. कपडे खोक्यात असतात."

"पुन्हा म्हण."

कोपऱ्यावरच्या डॉक्टरनं खिळा ऐकला आणि खिळ्याचं औषध दिलं. धनुर्वाताची सुई, गोळ्या, पट्टी. त्याचं काय चुकलं? जे कानावर आलं त्यावरच इलाज करणार ना तो.

दुसऱ्या दिवसापासून तामेजी त्याला घरून उचलून आणू लागला. घरी राहिला तर गैरहजेरी लागणार, गैरहजेरी लागली तर वर विचारणा होणार. म्हणून सकाळी हजेरीचं कार्ड टोचायचं आणि विश्रांतीच्या खोलीत, डब्यातली कॉफी देणाऱ्या यंत्राशेजारी, हात उशीवर ठेवून बसायचं. माणूस हजर आहे, म्हणजे माणूस धडधाकट आहे. अशा बसवलेल्या माणसांचं त्या भागातल्या छोट्या कारखान्यांत कुणी नवल मानत नसे. आदेमिरचं मशीन तामेजी स्वतः चालवत होता, आणि मधूनच काचेतून आत डोकावत होता.

शुक्रवारी आदेमिर कण्हत होता, शिव्या देत होता, मित्सुएला म्हणत होता, "अगं बाई, या हाताला भूक लागलीय, सगळा भात हाच गिळतोय, बघ कसा सुटलाय!" शनिवारी मात्र तो बोलेनासा झाला. बोटं मेणासारखी पांढरी पडली होती. मित्सुएनं दारातून विचारलं, "काय आजीबाई?" तर त्यानं नुसती मान हलवली. ती परत आली आणि कानस हातात धरून तशीच उभी राहिली.

संध्याकाळी तामेजी त्याला सोडायला गेला तेव्हा त्याची बायको नेउझा दारातच होती. "इसोगाई-सान, हा झोपत नाही, जेवत नाही. दुसऱ्या डॉक्टरकडं नेऊ?"

"सोमवारी मी नेतो," तामेजी म्हणाला. "आधी हेच औषध पुरं होऊ दे." दुसरा डॉक्टर दुसरे प्रश्न विचारील, ही खरी भीती. ती तो नेउझाला सांगू शकत नव्हता. स्वतःलाही नीट सांगत नव्हता.

आणि रविवार उजाडला. गावच्या देवळात पंथाच्या संस्थापक गुरूंच्या पुण्यतिथीचा उत्सव होता. मंडळी, त्या मुलखात गाऊन प्रवचन करण्याची जुनी रीत आहे. उपदेशक उंच आसनावर बसतो, हातात मिटलेला पंखा. आधी साधं बोलतो, घरातल्यासारखं. मग बोलता बोलता शब्दाला सूर चढतो, सूर वर जातो, टिकतो, थरथरतो, आणि तो खाली येता येता सगळा सभामंडप एका तोंडानं नाम घेतो, "नामू अमिदा बुत्सु!" म्हणजे अमिदा बुद्धाला शरण. काय ते सुख! तामेजी आईच्या मांडीवर असल्यापासून त्या सुरांवर वाढलेला. आता म्हाताऱ्या आईला तो हात धरून न्यायचा, गादी घालून बसवायचा.

त्या दिवशीचा उपदेशक वयस्क होता, आवाज फाटका पण गोड. विषय होता अमिदा बुद्धाच्या मायेचा. तो म्हणाला, "मूल रडलं की आई धावते. यात काय मोठंसं? शेजारीणसुद्धा धावते. पण मूल रडायचं थांबलं..." इथं त्याचा सूर उचलला गेला, "मूल रडायचं थांबलं, घरात सामसूम झाली, आणि हातातलं भांडं टाकून जी धावत सुटते, बायांनो, ती आई! आपण हाक मारायची विसरलो, आपण गप्प झालो, म्हणूनच तर अमिदा धावतोय!"

सूर खाली आला. सगळ्यांनी नाम घेतलं. बाया डोळे पुसू लागल्या. तामेजीचे ओठ हलेनात. त्याला कॉफीच्या यंत्राशेजारची ती सामसूम दिसली.

तो उठला. प्रवचन चालू असताना तिथं कुणी उठत नाही.

"कुठं निघालास?" आईनं बाही धरली. "बस खाली, लोक बघतायत."

"आई, तुला शेजारचं कुणी घरी सोडील."

"अरे, पण झालंय काय?"

उत्तर द्यायला तो थांबला नाही. टाचेखाली बूट चुरगाळत तो गाडीकडं धावला.

आदेमिर चटईवर पडला होता. कोपरापर्यंत लाल रेघा, बोटं काळसर, खोलीत वास. तापानं अंग भाजत होतं आणि चेहरा मात्र शांत.

"आता दुखत नाही, हानचो," तो म्हणाला. "बरं वाटतंय."

तामेजीनं त्याला पाठीवर घेतलं. नेउझा चपला हातात घेऊन मागं धावली.

मोठ्या रुग्णालयात तातडीच्या खोलीत एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं पट्टी उलगडली, आणि विचारलं, "हे कशानं झालं?"

आदेमिरनं डोळे उघडले. "मी घरी कपाट जोडत होतो, खिळा लागला." एकही चूक नाही. ‘मेल्या’ नाही, ‘होते’ नाही. तामेजीनं शिकवलं तसंच, शाळेतल्या पोरानं म्हणून दाखवावं तसं.

"खोटं आहे ते," तामेजी म्हणाला.

"हानचो, गप्प बसा हो!" आदेमिर उठू पाहत होता. "आपलं ठरलंय ना? डॉक्टरीणबाई, यांचं ऐकू नका, म्हातारा माणूस आहे. घरीच झालं. खिळा."

"तेल आहे," तामेजी म्हणाला. "मशीनच्या नळीतलं, दाबाखालचं. चिंधी गुंडाळायला मी सांगितलं. आणि हे खिळ्याचं वाक्यही मीच पाठ करून घेतलं."

"दाब केवढा?"

"माणसाला उचलून भिंतीवर आपटेल एवढा."

"कधी झालं?"

"गुरुवारी. सकाळी."

डॉक्टरिणीनं लगेच फोन उचलला आणि भराभरा माणसं बोलावू लागली. तेल त्या सुईएवढ्या भोकातून आत शिरून हातभर पसरलं होतं आणि आतून मांस जाळत होतं. त्याच दिवशी हात उघडून धुतला असता तर वाचायची आशा होती, हे तिनं नंतर सांगितलं. विचारलं म्हणून सांगितलं, टोचून नाही.

चाकांची खाट आत ढकलली जात असताना आदेमिर रडत होता. हातासाठी नव्हे. "इतकं पाठ केलं होतं मी," तो म्हणत होता, "सगळं वाया घालवलंत, हानचो. आता मला कामावर कोण ठेवील?"

उजवा हात कोपराखालून काढला.

शाचो आला तेव्हा तामेजी बाहेरच्या बाकावर होता. शाचोनं इकडंतिकडं पाहिलं, आणि गुडघे टेकून कपाळ फरशीला लावलं. "इसोगाई-सान, अजून घरी म्हणता येईल. डॉक्टरांना मी समजावतो. या ओतशाळेवर चाळीस घरं जगतात. तुमचंही त्यातच आहे."

तामेजीला ते बघवेना. तोही उतरला, त्यानंही समोर गुडघे टेकले आणि कपाळ खाली लावलं. "शाचो, माफ करा. उद्या सकाळी मी कामगार कचेरीत जाणार आहे."

दोघंही तसेच राहिले. आधी कुणी डोकं उचलायचं? शाचोनं उचललं तर त्यानं मान्य केलं असं होणार, तामेजीनं उचललं तर त्यानं धन्याचा अपमान केला असं होणार. औषधांचा गाडा घेऊन एक परिचारिका आली, त्या दोन पाठी पाहून थांबली, आणि गाडा तिरपा करून कशीबशी निघून गेली.

सोमवारी तामेजी कचेरीत गेला. अधिकारी आले, पाटीवरचा आकडा शून्य झाला. मोठ्या कंपनीनं रागाचा एक शब्द काढला नाही, फक्त ट्रक यायचे हळूहळू थांबले. वसंत ऋतूपर्यंत शेडला कुलूप लागलं. आदेमिरला सरकारकडून भरपाई मिळाली, पण चाळीस घरांना कोण देणार? बाजारात मित्सुए समोरून आली की भाजीची ढकलगाडी वळवून दुसऱ्या रांगेत जायची. तामेजी तिला दोष देत नसे. देवळात तो आता सगळ्यात मागं, चपलांजवळ बसायचा.

आदेमिर ब्राझीलला परतण्याआधी एकदा भेटावं म्हणून तामेजी त्याच्या घरी गेला. हातात वाळवलेल्या, काकी नावाच्या गोड फळांची पिशवी होती. आत टीव्हीवर काही विनोदी चाललं असावं. आदेमिरचं मोठ्यानं हसणं जिन्यापर्यंत येत होतं. तामेजीला ते हसू ऐकून इतकं बरं वाटलं की तो पायरीवर थोडा वेळ नुसताच उभा राहिला. मग त्यानं घंटी वाजवली. हसू थांबलं.

नेउझानं दार अर्धवट उघडलं.

"तो झोपलाय," ती म्हणाली.

"हो का? मग झोपू दे." तामेजीनं पिशवी पुढं केली. तिनं पिशवीकडं पाहिलं, त्याच्याकडं पाहिलं, आणि दोन्ही हात दाराच्या कडेवरच ठेवले.

"येतो मग," तो म्हणाला, आणि मिटलेल्या दारासमोर खूप वेळ वाकून राहिला.

मंडळी, पुढं सांगण्यासारखं माझ्याकडं काही नाही. एवढंच मागतो. संध्याकाळी दिवा लावून आपल्या माणसांची नावं घ्याल, तेव्हा त्यांत आणखी एक नाव घ्या. आदेमिर कानाशिरो. जिभेवर बसायला जरा वेळ लागेल, पण घ्या.