आखूड पायाखालची घडी

"पाचरभाऊ, टेबल परत डुगडुगतंय हो."

पाचरभाऊंनी कागदाची घडी करून टेबलाच्या आखूड पायाखाली सारली. हे रुग्णालयाच्या संगणकावरच्या नोंदी सांभाळणारे कारकून. त्यांची मांजरसुद्धा चारी पाय एका रेषेत आल्याशिवाय उंबरा ओलांडत नसे. खोटं वाटेल, पण मांजर मी पाहिलेली आहे.

"त्यापेक्षा लांब पाय कापा की," रक्तपेढीतल्या बाईंनी डिवचलं.

"कापलेलं जोडता येत नाही, ताई. आखुडाला आधार द्यावा."

त्याच सकाळी साहेबांचं फर्मान आलं: रक्तपेढीच्या नव्या यंत्राला सगळे रुग्णक्रमांक आठ आकडीच हवेत. जुने क्रमांक आखूड होते. पाचरभाऊंनी संगणकाला हुकूम सोडला: प्रत्येक क्रमांक आठ आकडी कर, कमी पडेल तिथे पुढे शून्यं भर. पापणी लवायच्या आत सगळे क्रमांक कवायतीला उभे राहिल्यासारखे एका ओळीत.

"दृष्ट लागेल असं काम झालंय," ते साहेबांना म्हणाले.

दुपारी त्यांच्या धाकट्या बहिणीचं ऑपरेशन होतं, नव्या इमारतीत. सहज म्हणून त्यांनी तिचा क्रमांक शोधला. सापडेना. मग त्यांच्या ध्यानात आलं. नव्या इमारतीचे क्रमांक नऊ आकडी. संगणकाला आठ सांगितले होते. त्याने निमूटपणे शेवटचा आकडा छाटला होता. बहिणीच्या उरलेल्या क्रमांकावर कुणा भलत्याचंच नाव होतं आणि रक्तगटही त्याचाच.

वॉर्डचा फोन लागेना. पाचरभाऊ धावत सुटले.

सिस्टरच्या हातात रक्ताची पिशवी होती. रक्तपेढीच्या यंत्राच्या वॉर्डातल्या पडद्यावर हिरवा दिवा.

"थांबा सिस्टर, ते रक्त तिचं नाही."

"यंत्र तर हो म्हणतंय."

"यंत्राला मीच शिकवलंय ते."

सिस्टरने पिशवी खाली ठेवली आणि लगेच रक्तपेढीत फोन फिरवून यंत्र बंद करायला सांगितलं.

"दादा, पळत आलास? तू?" बहीण हसली. "आता जगबुडी होणार बघ."

पाचरभाऊ हसले नाहीत. "सिस्टर, सकाळपासून इथं आणखी कुणाला रक्त दिलंत?"

कोपऱ्यातल्या खाटेकडे सिस्टरची नजर गेली आणि पुढच्या क्षणी त्या तिकडे धावल्या. तिथली पिशवी निम्मी रिकामी झाली होती. त्यांनी नळी बंद केली, डॉक्टरांना हाका मारल्या.

खाटेवरच्या उंच म्हाताऱ्याचे दात वाजत होते. "कोण रे? थंडी भरलीय बघ. पांघरूण घाल जरा."

पाचरभाऊंनी पांघरूण खांद्यापर्यंत ओढलं. पाय उघडे पडले. पायांवर सरकवलं, खांदे उघडे पडले.

तेव्हा त्यांनी अंगातला शर्ट काढला, व्यवस्थित उलगडून म्हाताऱ्याच्या पावलांवर घातला, आणि बनियनवर तसेच खाटेपाशी उभे राहिले.