कोंबडतुऱ्याचा हिरवा दोरा

मी एक जुना नकाशा आहे, मित्रांनो. कागदाचा नव्हे, तंबूच्या जाड कापडाचा. अमेरिकेतल्या यूटा राज्यात, तांबड्या दऱ्यांच्या मुलखात ऑर्व्हल टॅनर जीपगाड्या भाड्याने देतात. त्यांच्या दुकानाच्या भिंतीवर मी एकतीस वर्षं टांगलेला आहे. इतकी वर्षं मी माणसांना फसवत होतो, हे मला गेल्या मे महिन्यात कळलं. अजून मी सावरलेलो नाही.

ऑर्व्हलनी मला एका हिवाळ्यात घडवलं. दऱ्या शाईने काढल्या, वाटा दोऱ्याने शिवल्या. सोपी वाट हिरवी, सरावलेल्या माणसाची पिवळी आणि जिथे गाडीचा आणि धीराचा कस लागतो ती लाल. पाहुणे माझ्यासमोर उभे राहत, बोट फिरवत आणि वाट निवडत. माझे फोटो निघत. मी फुगून जाई. पुढे सगळ्यांच्या हातात फोन आले, माझ्यावर धूळ बसली. पण दरीत शिरलं की फोन मुका होतो, म्हणून शेवटी माझ्याकडे बघावंच लागे.

माझ्या हिरव्या वाटांतली सगळ्यांत लाडकी म्हणजे कोंबडतुरा. उघड्या खडकाचा एक लांब, अरुंद कणा आहे तो. ऑर्व्हल सांगत, त्यांची आजी मांडीवर अंड्यांची टोपली घेऊन तिथून जायची आणि एक अंडं फुटायचं नाही. ऐकणारे हसत आणि निर्धास्त होत.

मे महिन्यात नेब्रास्काहून नेड्रा पोल नावाच्या शिक्षिका आल्या. सोबत त्यांची आई इल्झे, वय एक्क्याऐंशी. आईला दऱ्या बघायच्या होत्या, पण धक्के नकोत. नेड्राबाईंनी माझा कोंबडतुऱ्याचा हिरवा दोरा निवडला. दुकान सांभाळणारी ऑर्व्हलची मुलगी लाडीन म्हणाली की तासाभराची तर वाट आहे. म्हणून दोघींनी पाण्याची एकच बाटली घेतली.

कण्यावर चढताना जीपचं नाक वर झालं आणि काचेतून नुसतं आकाश दिसू लागलं. खडक डावीकडे वळतो, हे इथल्यांना तोंडपाठ आहे. बाईंना कसं ठाऊक असणार? त्या सरळ गेल्या. पुढचं चाक अधांतरी लटकलं आणि खाली दरी. दोघी कशाबशा मागच्या दाराने उतरल्या आणि भर उन्हात चालत निघाल्या. चार तासांनी दुसऱ्या एका जीपवाल्यांना त्या सापडल्या, तेव्हा इल्झेआजी शुद्धीवर नव्हत्या.

दोन दिवस दवाखान्यातून काही कळेना. लाडीन फोनजवळून हलली नाही. ऑर्व्हल जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी नेड्राबाई आल्या. आई वाचली होती. पण अजून लेकीला ओळखत नव्हती.

बाईंनी आवाज चढवला नाही. माझ्यावर बोट ठेवून विचारलं, "ही वाट कोणाला सोपी आहे?"

"सगळ्यांना," ऑर्व्हल म्हणाले. "अहो, मी आठ वर्षांचा होतो तेव्हापासून..."

"तुम्हाला सोपी आहे. रंग लावताना दुसऱ्या कोणाला विचारलं होतं?"

ऑर्व्हल माझ्याकडे वळून एकेक दोरा बघू लागले. आणि माझं काय सांगू? पंचवीस वाटा माझ्या अंगावर, आणि एकीचाही रंग परक्या माणसाला विचारून लावलेला नव्हता. ज्याला प्रत्येक दगड ओळखीचा, त्यानेच ठरवलं होतं की भिण्यासारखं काही नाही.

बाई गेल्यावर लाडीन म्हणाली, "बाबा, मी पण कोंबडतुऱ्यावर कधी स्टिअरिंग धरलेलं नाही. तुम्हीच चालवायचात, मी शेजारी डोळे मिटून बसायची."

"कधी बोलली नाहीस."

"तुम्ही अंड्यांचं सांगायचात ना. मग कोण बोलणार?"

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टिअरिंग तिच्या हातात आणि ऑर्व्हल शेजारी, असे दोघे कोंबडतुऱ्यावर गेले. परतल्यावर ऑर्व्हलनी आधी सुईदोऱ्याचा डबा काढला. त्यांनी मला भिंतीवरून उतरवलं, मांडीवर घेतलं आणि चाकूच्या टोकाने हिरवा दोरा उसवला. लाल दोरा सुईत ओवायला त्यांना जमेना, तेव्हा लाडीनने ओवला. आता उरलेल्या चोवीस वाटांवर ते रोज एकेका नवख्याला घेऊन जातात आणि रंग त्याला विचारतात.

मित्रांनो, जुन्या नकाशाला जपा, धूळ पुसा, पण त्याच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. त्याला विचारा की तुझे दोरे कोणी शिवले आणि तेव्हा शेजारी कोण बसलं होतं. आणि कोणी तुम्हाला वाट विचारली, तर त्याच्या पायांनी एकदा चालून बघा. इल्झेआजींनी परवा लेकीला नावाने हाक मारली, असं पत्र आलंय. लाडीनने ते मला मोठ्याने वाचून दाखवलं.