मालूबाईचा रुमाल

मोबाईलवर ऑर्डर आली तेव्हा तीन वाजले होते, आणि कविताचा चहा तिथेच राहिला. पिवळी साडी, हिरवे काठ, नग एक. कौतिक पाटील दुकानात येऊन स्वतः नेणार. पाचच्या आत साडी गिऱ्हाइकाच्या हातात पडली नाही तर मोबाईल ऑर्डर रद्द करून मोकळा होतो. त्याला काय, लाज ना शरम.

या आठवड्यात दोन ऑर्डरी अशाच बुडाल्या होत्या. दोन्ही वेळा मोबाईल म्हणे माल आहे, आणि कपाटात पाहावं तर ठणठणगोपाळ. नंदकुमार सेठ सकाळीच सांगून गेले होते, "बेटा, तिसरी बुडाली तर हा मोबाईलचा काउंटर बंद." काउंटर बंद म्हणजे कविता घरी, कारण तिला ठेवलंच होतं त्यासाठी. साडी काय कोणी मोबाईलवर घेतं का, असं हसणाऱ्या घरच्यांना तिने पहिल्या पगारात गप्प केलं होतं. आता पुन्हा त्यांचं ऐकून घ्यायची तिची मुळीच तयारी नव्हती.

तिने तिन्ही कपाटं उपसली. गोदाम पालथं घातलं. शेवटी साडी सापडली ती दत्तूभाऊंच्या गादीखाली, आणि तिला एक निळा रुमाल बांधलेला होता.

"हात लावू नको," दत्तूभाऊ म्हणाले. "बहादरपूरच्या मालूबाईची आहे. रुमाल दिसत नाही का?"

दत्तूभाऊ दुकानातले सगळ्यात जुने विक्रेते, आणि ही त्यांची तीस वर्षांची रीत. जुनं गिऱ्हाईक साडी पसंत करतं, आपला रुमाल बांधून जातं आणि सवडीने येऊन नेतं. ना पावती, ना नोंद. मोबाईलला बिचाऱ्याला काय कळणार? कविताने वाकून पाहिलं, तर खाली सात रुमाल. बुडालेल्या दोन्ही साड्या तिथेच सुखाने पडल्या होत्या. तिला रडू आलं, आणि मेलं हसूही आलं.

"काका, तुम्ही माझी नोकरी गादीखाली घालून बसलात."

दत्तूभाऊंचा चेहरा पडला. पण माणूस हट्टी. "शब्द दिलाय बेटा. मालूबाई म्हणाली तरच गाठ सुटेल."

तेवढ्यात कौतिकमामा आले, थेट सुरतेच्या गाडीतून, खांद्याला बॅग. साडेपाचची खकनारची बस धरायची होती. आज भाचीची, हिमानीची हळद, उद्या लग्न, आणि मामाची पिवळी नेसल्याशिवाय नवरी मांडवात येणार कशी? कविताने खरं काय ते सांगून टाकलं. मामा मटकन बसले.

"सुरतेत मी रोज दिवसभर साड्यांचेच गठ्ठे उचलून राहिलो, बाई," ते म्हणाले. "पण भाचीनं इथं येऊन फोटो पाठवला तो हिचाच. दुसरी नेली तर ती बोलणार नाही, नुसती हसेल. ते मला बघवणार नाही."

मालूबाईने चौथ्या वेळी फोन उचलला. मागे केळीचा ट्रक भरणं चाललं होतं. कविताने सगळं सांगितलं, मामांनी हात जोडून, जणू ती समोरच आहे, विनवलं.

"तुम्ही मामा, तर मी आजी आहे," मालूबाई म्हणाली. "माझ्या नातीचं लग्न आठ दिवसांवर आलंय. ती काय साधी साडी नेसेल?"

झालं. घड्याळात चार पस्तीस. कविता म्हणाली, "पाच मिनिटं द्या, आजी." तिने सेठच्याच खंडव्याच्या दुकानात काउंटरवरच्या मृणालला फोन लावला. मोबाईल तिथे दोन नग दाखवत होता, पण आता ती मोबाईलच्या बापावर विश्वास ठेवणार नव्हती. "मृणाल, उठ, साडी हातात घे आणि मग बोल. गादीखालीपण बघ." मृणालने साडी हातात घेऊन फोटो पाठवला. हिरवे काठ, तीच ती.

"आजी, गुरुवारी तुमची साडी इथं येईल."

"ते ऑनलाइन-फिनलाइन मला सांगू नको. तू कोणाची?"

"राजघाटाजवळच्या निरंजन मास्तरांची कविता."

"आणि नाही आली तर?"

"तर शुक्रवारी पहाटे मी खंडव्याला जाईन आणि तुमच्या दारात आणून देईन."

मग मालूबाईने फोन दत्तूभाऊंना द्यायला सांगितला.

"भाऊ, सोडा गाठ. रुमाल नव्या साडीला बांधा. पण या खेपेला शब्द तुमचा नाही, त्या पोरीचा धरते."

दत्तूभाऊंनी स्वतः गाठ सोडली. मामांनी ऑर्डरचा कोड दाखवला, कविताने तो मोबाईलमध्ये टाकला, आणि चार छप्पनला पडद्यावर हिरवी खूण उमटली. मामांनी साडी कपाळाला लावली आणि बसकडे पळाले.

दत्तूभाऊंनी रुमाल आणून कविताच्या काउंटरवर ठेवला. "सांभाळ. तीस वर्षांत तिनं दुसऱ्या कोणाचा शब्द धरला नव्हता." मग स्टूल ओढून ते शेजारी बसले. "आता त्या सहा साड्या तुझ्या मोबाईलला कशा सांगायच्या, ते शिकव."

गुरुवारपर्यंत आपल्याला धड जेवण जाणार नाही, हे कविताला ठाऊक होतं. तरी खुशीने तिचे गाल दुखत होते.